स्थळाचं आवडतं पुस्तक

मुलाकडच्यांना बाकीच्या आया पगार विचारतात, फ्लॅट कोणाच्या नावावर ते विचारतात. बुधवार पेठेतल्या श्यामलाताई विचारायच्या, "सध्या काय वाचताय?" जन्मभर शाळेत मराठी शिकवलेलं, दुसरं काय सुचणार! "वेळच मिळत नाही हो" म्हणणाऱ्या मुलाला त्या पोहे शांतपणे संपवू देत आणि मग जिन्यापर्यंत सोडून येत. असा मुलगा पुन्हा तो जिना चढत नसे.

तेजस मात्र वाचणारा निघाला. वाशीमचा मुलगा, राहायला धायरीत, नोकरी त्यांच्या लेकीच्या, अवनीच्याच ऑफिसात. म्हणजे हे स्थळ अवनीनं स्वतःच आणलेलं, आणि श्यामलाताईंना तेच जरा टोचत होतं. त्यांच्या प्रश्नावर तो खुर्चीत पुढे सरकला. एका कादंबरीचं नाव सांगून म्हणाला, "काकू, काय नालायक माणूस आहे त्यात! सगळी गोष्ट तोच सांगतो. मी तीनदा वाचलीय."

"नालायक आहे, तरी तीनदा?"

"म्हणून तर."

श्यामलाताईंनी यजमानांकडे पाहिलं. अनिरुद्धरावांनी पोह्यांकडे पाहिलं.

मुलगा गेल्यावर श्यामलाताईंनी निकाल जाहीर केला. "ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो."

"आई, तो ते पुस्तक वाचतो. त्या माणसाबरोबर राहत नाही."

"तीनदा म्हणजे राहिल्यासारखंच आहे."

अवनी वाद घालत बसली नाही. आईची नाराजी घेऊन आपल्याला लग्न करायचं नाही, हे तिनं आधीच सांगितलं होतं. त्यामुळे सगळा खेळ आता श्यामलाताईंच्या हातात होता, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. लोक मुलाच्या चौकशीला त्याच्या शेजाऱ्यांना गाठतात. श्यामलाताईंनी चौकशीसाठी कादंबरीच मागवली. तेजसनं बिचाऱ्यानं दुसऱ्याच दिवशी अवनीकडे दिली, आपण आपल्याविरुद्धचा पुरावा पाठवतोय याची त्याला काय कल्पना!

श्यामलाताई पेन्सिल घेऊन बसल्या. पहिल्याच पानावर तो गृहस्थ मामाच्या तेराव्याला जातो आणि लाडू कोरडे झालेत म्हणून मामीला ऐकवतो. श्यामलाताईंनी समासात लिहिलं, "शी!" पुढे तो मित्राची छत्री ढापतो आणि मित्रालाच वेंधळा म्हणतो. "शी! शी!"

तिसऱ्या प्रकरणात त्याची एक आत्या गायला बसली. तिच्या ताना त्या नीच माणसानं अशा काही वर्णन केल्या होत्या, की श्यामलाताईंचा चहा बशीत सांडला. त्यांची नणंद हुबेहूब तशीच गायची. गेली कित्येक वर्षं त्या "वा, वा" म्हणत आल्या होत्या. आपल्या मनात येतं आणि आपण गिळून टाकतो, ते हा मेला छापून मोकळा झाला होता! त्यानंतर पेन्सिल कुठे गेली ते कोणाला कळलं नाही. त्यांनी दुपारची झोप सोडली, तेव्हा तर अनिरुद्धराव घाबरलेच.

"तेजसला काय सांगू?" अवनी रोज विचारायची.

"चौकशी चालू आहे."

"त्याची की त्या माणसाची?"

श्यामलाताईंना ऐकू आलं नाही. पोरीचं जेवण कमी झालंय, हेही त्यांना दिसलं नाही.

शनिवारी दुपारी गोष्ट त्या माणसाच्या बहिणीपाशी आली. तिला चांगलं स्थळ आलेलं. बहीण मनातून खूश. पण हा काही ना काही खोट काढतो. मुलाचे बूट वाजतात, मुलगा मोठ्यानं हसतो, त्याचं गाव लांब. खरं कारण वेगळंच असतं. बहीण गेली की घरात आपलं कोण, याची त्याला भीती वाटत असते. तेवढं सोडून तो सगळं बोलतो. श्यामलाताईंचा जीव वरखाली व्हायला लागला.

"अरे मेल्या," त्या खच्चून ओरडल्या, "तिला विचार तरी एकदा!"

अनिरुद्धराव दचकून उठून बसले. दारात अवनी वाळलेले कपडे घेऊन उभी होती.

"विचार ना," ती म्हणाली.

श्यामलाताईंनी पुस्तक मिटलं. बोट मात्र पानातच राहू दिलं. लेकीचा चेहरा किती उतरलाय, ते त्यांना आत्ता दिसलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"तुला आवडतो का गं तो?"

"हो. खूप."

"वाशीम लांब आहे."

"तो धायरीत राहतो, आई."

"धायरी तरी कुठे जवळ आहे?" त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "तू गेलीस की मी भांडू कोणाशी?"

"मी आहे की," अनिरुद्धराव म्हणाले.

"तुम्ही उत्तर कुठे देता!"

अवनी हसली, मग रडली, आणि कपड्यांच्या ढिगासकट आईच्या गळ्यात पडली. ती जराशी सावरल्यावर श्यामलाताईंनी तिचाच फोन घेऊन तेजसला लावला.

"श्यामलाकाकू बोलतेय. तो माणूस अगदी नीच आहे हो."

"कोण... मी?"

"पुस्तकातला. असल्याला मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही. बहिणीचं लग्न मोडायला निघालाय."

"हो ना काकू! पण शेवटी तो काय करतो माहितीये..."

"खबरदार! शेवट सांगितलात तर लग्न मोडीन."



"काकू," तेजसनं चाचरत विचारलं, "म्हणजे... ठरलंय का?"

"ते अवनीला विचारा," श्यामलाताई म्हणाल्या. "मी आत्ताच विचारलं." त्यांनी फोन लेकीच्या हातात दिला आणि बोट ठेवलेलं पान उघडलं.