कवेलू फेरणारी शिडी

मी एक शिडी. बालाघाटकडची माणसं मला निसनी म्हणतात, आणि मला तेच नाव जास्त आवडतं. शिडी म्हटलं की ऑफिसातल्यासारखं वाटतं.

बैहरच्या जंगलातले दोन सरळ बांबू आणि अकरा पायऱ्या, एवढाच माझा जीव. टिकाराम बुरडानं १९५८ साली मला बांधलं. मला मागवलं होतं गुणाकर गुरुजींनी. ते शाळेत गणित शिकवत आणि गावातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीची कामं सांभाळत. प्रार्थनाघरावर नाताळचा कागदी तारा टांगायचा होता, म्हणून माझी गरज पडली. तारा टांगून झाला आणि मी मागच्या ओसरीत आडवी पडले. दोन महिने माझ्यावर कोंबड्या बसत होत्या.

मग एका रविवारी प्रार्थनेनंतर गोदाबाई नावाची म्हातारी म्हणाली, "गुरुजी, माह्या घरावर माकडं नाचली. निजलं की आभाय दिसते. कवेलू फेराले माणूसच भेटत नाई."

कौलांना आमच्याकडे कवेलू म्हणतात. दरवर्षी ती फेरावी लागतात. सगळी उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची आणि परत एकात एक बसवायची. गुरुजींनी त्या दिवशी जेवणही केलं नाही. रेल्वेत कारकून असलेल्या नीळकंठाला हाक मारली, दोघांनी मला खांद्यावर घेतलं, आणि दवाखान्यातली नर्स मीनाक्षी मागून निघाली. मला खालून घट्ट धरायचं काम तिचं. संध्याकाळी गोदाबाईनं छपराकडे पाहिलं आणि गुरुजींच्या मातकट तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

त्या दिवसापासून मला कोंबड्यांचा त्रास उरला नाही. होळी झाली की दर शनिवारी आम्ही निघायचो. आज टांगेवाल्याचं घर, पुढल्या शनिवारी पोस्टमनच्या आईचं. कोण कुठल्या देवाचा, हे मी कधी विचारलं नाही, आणि गुरुजींनीही नाही. छपरावर मात्र फार गमती दिसायच्या. हरवलेले चेंडू, एका पायाची चप्पल, वाळत घालून विसरलेल्या वड्या. एकदा तर टांगेवाल्यानं बायकोपासून लपवलेली तंबाखूची डबी सापडली. नीळकंठानं ती सगळ्यांसमोर खाली आणून दिली. त्यानंतर टांगेवाल्यानं त्याच्याशी बोलणंच सोडलं.

पण मला खरी सांगायची आहे ती १९६४ च्या फागुनातली गोष्ट.

त्या दुपारी लिंबाएवढ्या गारा पडल्या. अर्ध्या घटकेत स्टेशनापलीकडच्या वस्तीतली सारी छपरं चुरा झाली. तिथं शेवंताबाई राहायची. नवरा वारलेला, हात बिड्या वळण्यात, तोंड कुणाला न भिणारं. तिच्या पोरीचं, अंजनाचं लग्न सात दिवसांवर आलं होतं. वऱ्हाड वारासिवनीहून यायचं होतं आणि घरात उभं राहिलं तर डोक्यावर थेट ऊन.

दुसऱ्या दिवशी सोमवार. शाळेला गारांची सुट्टीच होती. आम्ही तिच्या दारात पोचलो. तिनं वाट अडवली.

"काहून आले?"

"कवेलू बसवाले आलो, बाई," गुरुजी म्हणाले.

"मले नाई पायजे. सात-आठ वर्सं झाली, आमी नागपूरले जाऊन बुद्धाचा धर्म घेतला. वाकणं सोडून देलं आमी. आता तुमी छप्पर कराल, मंग म्हणाल, प्रार्थनेले ये."

"नाई म्हणणार."

"मनात तर म्हणाल!"

खोटं बोलणं गुरुजींना जमत नसे. म्हणाले, "मनातलं मले सांगता येत नाई. पण तुमी कधी आल्या नाई, तरी हे छप्पर तुमचंच राहीन. पोरगी कोरड्या घरातून सासरी जावी, एवढंच मले वाट्टे."

शेवंताबाईनं मागे वळून अंजनाकडे पाहिलं. ती पोर फुटक्या कवेलूंचे तुकडे टोपल्यात भरत होती आणि मान वर करत नव्हती.

"फुकट नाई," शेवंताबाई म्हणाली. "आज तुमी माह्या घरावर. लगन झालं का मी तुमच्यासंगं दुसऱ्याच्या घरावर. कबूल असन तं चढा."

"बाया कुठं छपरावर चढतात?" नीळकंठ पुटपुटला.

तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट ओढला आणि त्याचं बोलणं संपायच्या आत माझ्या वरच्या पायरीवर होती. आजवर माझ्यावर इतकं हलकं आणि इतकं ठाम पाऊल पडलं नव्हतं.

दोन दिवस काम झपाट्यानं चाललं. तिसऱ्या दिवशी माझ्याकडून घात झाला. गुरुजी टोपलं घेऊन चढत होते आणि माझी सातवी पायरी कडाडून मोडली. आतून किडली होती ती. मला ठाऊक होतं, पण लाकडाला ओरडता येत नाही. गुरुजी खाली अंगणात पडले. पाय गुडघ्याखाली मोडला. मीनाक्षीनं तिथल्या तिथं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि त्यांना बैलबंडीत घालून दवाखान्यात नेलं.

नीळकंठ रागानं लाल झाला होता. मला लाथ मारून म्हणाला, "चुलीत घाला हिले!"

मी चुलीशेजारीच पडले होते. आयुष्यात तेवढी भीती मला कधी वाटली नाही. आणि खरं सांगते, जाळलं असतं तरी चाललं असतं, असंही वाटत होतं.

शेवंताबाई घरात गेली आणि मुसळ घेऊन बाहेर आली. चांगलं बीजाच्या लाकडाचं, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. कुऱ्हाडीनं त्याचे दोन तुकडे केले, एक माझ्या मोडक्या जागी घातला आणि काथ्यानं करकचून बांधला.

"माय, लग्नाची हळद कशानं कांडशील?" अंजना रडवेली झाली.

"शेजारच्या शांताबाईचं मुसळ काय सोन्याचं हाय? तेच आणू!" आणि नीळकंठाकडे वळून, "बाबू, उभा काहून? पकड खालून."

नीळकंठानं मुकाट्यानं मला पकडलं.

आता अडचण दुसरी आली. कवेलू कमी पडली. गारांनंतर साऱ्या गावाला कवेलू हवी होती आणि चैतराम कुंभाराची भट्टी उघडायला पंधरा दिवस होते. ओसरीवरचा भाग उघडाच राहिला, आणि वऱ्हाड बसायचं होतं तिथंच. शुक्रवारी शेवंताबाई दवाखान्यात गेली. ही हकीगत मला नंतर मीनाक्षीच्या बोलण्यातून कळली.

गुरुजी खाटेवर पाय टांगून पडले होते. ऐकून म्हणाले, "प्रार्थनाघराच्या मागच्या ओसरीवर गारा कमी लागल्या. तिथली काढून न्या."

"तुमच्या देवाच्या घरची?"

"हौ. देवाले सर्दी नाई होत."

शेवंताबाई हसली नाही. उठून पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "मोजून नेतो. मोजून आणून देईन."

शनिवारी मंडळीतली सगळी माणसं ओळीत उभी राहिली. प्रार्थनाघरापासून बंडीपर्यंत, बंडीपासून छपरापर्यंत कवेलू हातोहात गेली. बुद्धाच्या वस्तीतले हात, ख्रिस्ती मंडळीतले हात, मध्ये तो टांगेवालाही. नीळकंठाशी बोलायचं नाही हे तो विसरूनच गेला होता. सूर्य कलायला शेवटचं कवेलू बसलं. शेवंताबाईनं छपरावर उभी राहून सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "अंजने, हळद लाव!"

रविवारी दुपारी लग्न झालं. त्रिशरण-पंचशील म्हटलं गेलं, फुलं पडली. गुरुजींना बंडीतून आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. पाय समोरच्या पाटावर. वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हे कोण?"

"पोरीचे मामा," शेवंताबाईनं सांगून टाकलं.

गुरुजींनी खाली पाहिलं. त्यांना बहीण नव्हती. भाचीला कपाळावर हात ठेवून आशीर्वाद देताना त्यांचा चष्मा ओला झाला, तो त्यांनी तीन वेळा पुसला.

पुढच्या शनिवारी शेवंताबाई आली. एकटी नाही, वस्तीतल्या चार बाया घेऊन. चैतरामाची भट्टी उघडली तेव्हा त्याच बायांनी डोक्यावर टोपली वाहून प्रार्थनाघराची ओसरी नवी केली. शेवंताबाई प्रार्थनेला कधी बसली नाही, आणि कुणी तिला बस म्हटलं नाही. मात्र गुरुजींच्या पायात बाक राहिला होता, म्हणून छपरावरचा कारभार तिनं हाती घेतला. नऊ वर्षं सांभाळला. तिच्या हुकमाखाली आम्ही लालबऱ्याच्या रस्त्यापर्यंत गेलो. एक बाई ओरडते आहे आणि रेल्वेचा कारकून कवेलू झेलतो आहे, हे पाहायला पोरंसोरं जमायची.

आता १९७३ साल आहे. माझ्या एका बांबूला वाळवी लागली. शेवंताबाईनं स्वतः ठोकून पाहिलं आणि म्हणाली, "बस झालं माय, आता थकली तू." तिनं मला माय म्हटलं, हे लक्षात ठेवा.

गेल्या महिन्यात मंडळीनं लोखंडी शिडी आणली. मला प्रार्थनाघरामागे दोन खुंट्यांना टेकवून उभं केलं आहे आणि मीनाक्षीनं माझ्याखाली दोडक्याचं बी लावलं आहे. वेल चौथ्या पायरीपर्यंत आला. पानांची गुदगुली होते. मी सुखात आहे, माझी काळजी करू नका.

विनंती आहे ती त्या नव्या शिडीसाठी. ओसरीत भिंतीला टेकून उभी आहे बिचारी, कुणाशी बोलत नाही, अंगावरचा रंगही अजून ओरखडलेला नाही. तुमच्या मोहल्ल्यात एखादी म्हातारी, एखादा आजारी माणूस फुटक्या छपराखाली असेल तर या आणि तिला घेऊन जा. ओसरीला कुलूप नाही. दोघं जण या, एकानं चढायचं, एकानं धरायचं. चार घरांची छपरं पाहू द्या तिला. मग तीही बोलायला लागेल.