एका कुंपणातली दोन हॉटेलं

खोपोलीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी मोठं मनोरंजन पार्क झालं आणि दोन-तीन वर्षांत त्याच्या दाराशी दोन हॉटेलं उभी राहिली. एक सात मजली, निळ्या काचांचं. त्याचं नाव 'रॉयल वेव्ह'. दुसरं बैठं, कौलारू, झाडांत लपलेलं. त्याचं नाव 'ग्रीन कोर्ट'. दोघांना मिळून कुंपण एकच. कुठल्याही एकात उतरलं तरी पार्कात चालत जायला तितकीच पावलं.

पनवेलच्या कोळीवाड्यात शैलेशच्या घरात लादीवर दोन्ही हॉटेलांची रंगीत पत्रकं पसरलेली होती आणि त्यांच्याभोवती घरातली तिन्ही मोठी माणसं बसली होती: शैलेश, त्याची बायको रोशनी आणि पुण्याहून आलेली थोरली बहीण भावना. आईचं वर्षश्राद्ध आदल्या दिवशीच झालं होतं. मुलांना सुट्टी लागली होती. आता आईला दिलेलं वचन पुरं करायचं होतं.

वचन रोशनीनं दिलं होतं. भावनाला वर्षभर सलत होतं ते हेच.

आई, म्हणजे शांतीबाई, पनवेलच्या मच्छी मार्केटात तीस वर्षं बसली. नवरा लवकर गेला, मासळीच्या पाटीवर तिनं दोन्ही मुलांना वाढवलं. भावना शिकली, पुण्याच्या कॉलेजात ग्रंथपाल झाली, तिकडेच तिचं लग्न झालं. शैलेश न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात सुपरवायझर झाला. रोशनी करंजा गावची, लग्न होऊन आली ती थेट सासूच्या शेजारी पाटी मांडून बसली. शेवटचे आठ महिने आई अंथरुणाला होती तेव्हा मार्केटही रोशनीनंच केलं आणि आईचंही रोशनीनंच केलं. भावना महिन्यातून एकदा यायची, सफरचंदं घेऊन.

गेल्या वर्षी दहाव्याला घाटावर पिंड ठेवला तेव्हा ऊन टोचायला लागलं होतं. बायका सहसा तिथं जात नाहीत. पण मार्केटातल्या बायका शांतीबाईला सोडायला तयार नव्हत्या, त्या सगळ्या आल्या होत्या. कावळे होते. भिंतीवर ओळीनं बसले होते आणि पिंडाकडे ढुंकून बघत नव्हते.

"मनात काही राहिलं असेल," गुरुजी म्हणाले. "मुलांनी बोलावं."

शैलेश बोलला. एकही कावळा हलला नाही. मग सगळे भावनाकडे पाहू लागले. लेक. बाईचा जीव लेकीत अडकतो, असं कुणीतरी मागून म्हणालंही. भावना अनवाणी पुढे झाली. "आई, शैलेशला मी अंतर देणार नाही." नाही. "आई, त्याच्या मुलांच्या शिक्षणाचं मी बघेन." नाही. "आई, दर दिवाळीला मी इकडे येईन." एका कावळ्यानं पाठ फिरवली. या विधीबद्दल तिनं दोन चांगले ग्रंथ वाचलेले होते, कावळा हा एक पक्षी आहे हेही तिला पक्कं ठाऊक होतं, तरी ती वचनांमागून वचनं देत राहिली. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचाच कावळा करायला चार काड्या हातात घेतल्या.

तेवढ्यात रोशनी गर्दीतून पुढे आली. पदर खोचलेला, आवाज मार्केटातला.

"आये, त्या पार्कातल्या हाटेलात जायाचं व्हतं ना तुना? पोरांना घेऊन एक रात रावून येतो आमी. ताईंना पन नेतो. आता घे."

आणि कावळा उतरला. एक नाही, चार.

ही गोष्ट त्याच संध्याकाळी मार्केटभर झाली. निवट्या विकणाऱ्या गुणाबाईनं भावनाच्या देखतच म्हटलं, "सुनेचं ऐकलं बघ म्हातारीनं." लेकीचं नाव तिनं घेतलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

वर्षभर भावनाच्या डोक्यातून ते गेलं नाही. आईला कुठे जायचं होतं हे रोशनीला कसं माहीत? कधी बोलली असेल? डोक्याला तेल लावून घेताना? मार्केटातून रिक्षानं परत येताना? भावनानं फोन केला की आई तीनच वाक्यं बोलायची: जेवलीस काय, जावई बरे हायत काय, ठेव आता, बिल येल. सुनेपाशी मात्र ती इच्छा बोलत होती. लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारता मारता भावना थांबायची आणि तोच शिक्का त्याच पानावर दुसऱ्यांदा मारायची. माणूस आईसाठी रडतं. आपण आईच्या सुनेवर जळतोय, हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"तर मग?" शैलेशनं पत्रकांवर टिचकी मारली. "रोशनी, कुठलं? तूच बोललीस, त्या हाटेलात."

रोशनी दोन्ही पत्रकांकडे पाहत राहिली. "दोन हायत ते मना कुठं म्हायती? आये नुसतं हाटेल बोलली."

"असं कसं? उद्या चुकीच्या हाटेलात गेलो म्हंजे?"

"चुकीचं कसलं? कुंपन तर एकच हाय."

"वचन हाय ते. अंदाजानं नाय चालायचं."

रोशनीनं नजर वर केली ती भावनाकडे. "ताईंना इचारा. त्यांना बोलली असंल."

भावनाला ठाऊक नव्हतं. आईच्या तोंडून तिनं पार्क हा शब्दही कधी ऐकला नव्हता. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. पण त्या एका क्षणात तिच्यासमोर जे उघडं पडलं होतं ते वर्षभरात पहिल्यांदाच पडत होतं: रोशनीला माहीत नसलेली एक गोष्ट.

"ग्रीन कोर्ट," ती म्हणाली.

"तुला बोलली होती?" शैलेश सरसावून बसला.

"फोनवर." तिची नजर पत्रकातल्या फोटोवर होती. "बागेत झोपाळा आहे ते, म्हणाली. शांत असेल, म्हणाली. पोरं खेळतील, आपण दोघी बसू."

आपण दोघी. तिनं ठरवून म्हटलं नव्हतं, ते आपोआप आलं. भावाच्या चेहऱ्यावर एक मऊ भाव पसरला आणि भावनाला इतकं बरं वाटलं की खोटेपणाची लाज वाटायलाही थोडा वेळ लागला. रोशनी उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिनं कोळंबी धुवायला घेतली.

शैलेशनं तिथल्या तिथे ग्रीन कोर्टला फोन लावला. तारखा विचारल्या, खोल्या विचारल्या. मग म्हणाला, "आणि जेवनात मच्छीचं काय काय असतं तुमच्याकडे?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. त्याच्या भुवया वर गेल्या. "अंडं पन नाय?" तो म्हणाला. "बरं. करतो परत फोन."

फोन खाली ठेवून त्यानं आधी भावनाकडे, मग स्वयंपाकघराकडे आणि मग परत भावनाकडे पाहिलं.

"शुद्ध शाकाहारी हाय ते."

भावनानं पत्रकाची घडी घातली.

"आय," शैलेश म्हणाला, "आपली आय. श्रावनात नारली पुनवेपर्यंतचे दिवस बोटांवर मोजायची. हास्पिटलात पेज दिली तर बोलली, सुकट नसंल तर न्या परत. ती शाकाहारी हाटेलात रावायला जानार होती?" आणि मग हसू येऊन म्हणाला, "ताई, तुला दुसऱ्या कुनाची आय फोन करत होती काय गं?"

तो थट्टेनंच म्हणाला. लहानपणापासून तो असाच बोलायचा. पण भावनाचे कान तापले. ते वाक्य घरचंच माणूस असल्यासारखं आत आलं आणि तिच्यासमोर पाय पसरून बसलं. तीनशे पासष्ट दिवस ती स्वतःला हेच विचारत होती.

"उगा काय बोलता!" स्वयंपाकघरातून रोशनीचा आवाज आला. "झोपाल्याचं मना पन बोलली व्हती आये. आता आठवलं. बागंत झोपाला हाय बोलली. एक रात नाय खाल्ली मच्छी तर मरतो काय आपन? ताई सांगतात तेच करा."

शैलेश चपापला. दोघी म्हणतात म्हणजे असेल. "आयचं काय सांगावं," असं पुटपुटत तो फोन घेऊन गॅलरीत गेला.

भावना उठून आत गेली. रोशनी पाटावर बसली होती, समोर परातीत खाडीची कोळंबी. डोकं मुरगळायचं, साल ओढायची, काळा दोरा काढायचा. बोटांकडे न बघता चाललं होतं. हात अगदी आईसारखा चालत होता. आईनंच शिकवलं असणार. भावनाला आईनं कधी कोळंबीला हात लावू दिला नव्हता. तू पुस्तक घेऊन बस, वास येल हातांना.

"रोशनी, खरंच तुला म्हणाली होती? झोपाळ्याचं?"

"नाय."

"मग कशाला बोललीस?"

"तुमी बोललात म्हनून." रोशनीनं आणखी दोन कोळंब्या सोलल्या. "ते लई बेकार बोलले तुमाला. त्यांना कलत नाय कुठं बोलायचं."

भावनाला आता थांबता येईना. "आणि हॉटेलचं? ते कधी म्हणाली तुला? एकदा सांग मला. काय शब्दांत म्हणाली?"

रोशनीचा हात थांबला. तिनं गॅलरीच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"ते पन नाय बोलली."

"म्हणजे?"

"आये कदीच काय नाय बोलली ताई. कुठं जायाचं, काय खायाचं, काय नाय. तुमी तिथं उन्हात उभ्या, पायात चप्पल नाय, एकावर एक वचन देता. तुमचं तोंड असं झालेलं. मना बघवंना. पोरं घरात सारखी त्या पार्काचंच बोलायची, तेच तोंडात आलं. कावला येल असं कुठं वाटलेलं मना? आला तर आला." तिनं ओल्या मनगटानं कपाळ पुसलं. "मंग सगले बोलाया लागले, आयनं सुनेला सांगितलं, सुनेला सांगितलं. कसं सांगू, नाय सांगितलं म्हनून? तुमचा भाऊ रडला व्हता त्या दिवशी. त्याला बरं वाटलेलं."

भावना भिंतीला टेकून खाली बसली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटेना. उलट हातातलं काहीतरी कुणी काढून नेल्यासारखं झालं. आई कुणाजवळ तरी मोकळी झाली होती, भले आपल्याजवळ नसेल, हे वर्षभर ती धरून बसली होती. हेवा करायला तरी काहीतरी होतं. आता ते कुणाकडेच नव्हतं.

"मग तिला हवं काय होतं?" तिनं विचारलं. "शेवटी काही तर मागितलं असेल."

"काय मागनार? पानी दे. पंखा बारीक कर. उशी काढ, नको, ठेव. माझ्या पायाव हात ठेव बोलायची रातचं, बसं." रोशनी साधेपणानं म्हणाली आणि पुन्हा कोळंबी सोलायला लागली.

आणि भावनाला पुन्हा हेवा वाटला, पूर्वीपेक्षा जास्त. पाणी, पंखा, उशी, पायावर हात. यातलं एकही मागणं तिच्याकडे आलं नव्हतं आणि आता कधी येणार नव्हतं. हॉटेलचा हेवा पोकळ निघाला होता. हा भरीव होता, आणि याच्यात रोशनीची काहीच चूक नव्हती.

गॅलरीतून शैलेशचा आवाज आला. "हां, ग्रीन कोर्ट ना? मघाशी बोललो तो मीच. दोन रूम पायजे होत्या..."

भावना उठली. गॅलरीच्या दारात जाऊन तिनं हात पुढे केला. "ठेव तो फोन."

"आता काय?"

"ठेव आधी."

त्यानं ठेवला.

"आई मला काही म्हणाली नव्हती. मी खोटं बोलले. झोपाळा पत्रकात बघितला."

शैलेश तिच्याकडे बघत राहिला. "आनि रोशनी..."

"ती माझी बाजू घेत होती. तू मला टोचलंस म्हणून." मागे दारात रोशनी येऊन उभी आहे हे तिला न बघता कळलं. ओल्या हातांचं पाणी लादीवर टपकत होतं. भावनानं शब्द एकेक करून ठेवले. "आईनं जे सांगितलं ते रोशनीलाच सांगितलं. पार्कातलं हॉटेल, एवढंच. कुठलं ते नाही. तेव्हा जिथं मासळी मिळते तिथं कर."

शैलेशला थट्टा सुचली नाही. तो हलकेच म्हणाला, "का बोललीस गं असं?"

"मला सांगितलेलं असावं असं वाटलं."

तो रस्त्याकडे वळला. मग त्यानं रॉयल वेव्हचा नंबर लावला. तिथं पापलेट होतं, कोळंबी होती, सकाळच्या नाश्त्याला आमलेटही होतं. तारखा होत्या. दोन खोल्या होत्या.

"कुठल्या माल्यावर पायजे विचारतात," फोनवर हात ठेवून त्यानं भावनाला विचारलं. "खालच्या रूममधून सरल स्विमिंग पुलावर जाता येतं. वरून पार्क दिसतं."

"मला नको विचारू," भावना म्हणाली. "तिला विचार."

"कोनाला? रोशनीला?" त्यानं बायकोकडे पाहिलं. "काय गं, खाली की वर?"

रोशनी गोंधळली. तिनं आधी त्याच्याकडे, मग भावनाकडे पाहिलं, हात लुगड्याला पुसले. "पोरांना खाली बरं पडंल," ती म्हणाली.

"पोरांचं नाही विचारलं," भावना म्हणाली. "तुला काय हवंय?"

फोनच्या पलीकडून कुणीतरी हॅलो, हॅलो म्हणत होतं.

"मना वर पायजे," रोशनी शेवटी म्हणाली, थोडी रागावल्यासारखी. "मार्केटात दिवसभर खालीच बसते मी. लोकांचे पाय बघत."

"वरचा द्या," शैलेशनं फोनवर सांगितलं. मग भावना काहीतरी खुणावतेय हे पाहून म्हणाला, "सगल्यात वरचा. सातवा."