मोठ्या बाईंनी खुर्ची फिरवली

तुरुंगाच्या गाडीवरचा ड्रायव्हर तसा मनाने वाईट नव्हता, पण त्याचं एक ठाम मत होतं आणि ते तो कुणी न विचारताच ऐकवत असे. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. इतकी वर्षं त्याने कैद्यांना कोर्टात नेलं, दवाखान्यात नेलं, परत आणलं, पण आरशातून मागे बघताना त्याला तिथे चोर दिसले, लबाड दिसले, खुनी दिसले. माणूस काही दिसला नाही. हाकही तो ज्याच्या त्याच्या गुन्ह्यानेच मारायचा.

पंचाईत झाली ती बायकांच्या विभागात मोठ्या बाई बदलून आल्या तेव्हा. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या मुख्य रक्षक. ठेंगण्या, चष्मा लावणाऱ्या, आणि आवाज असा की पंखा चालू असला तर दोनदा विचारावं लागे. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी ड्रायव्हरला बाजूला बोलावलं. तो एका बाईला "ए खुनी, चढ लवकर" म्हणाला होता.

"त्यांचं निकालपत्र वाचलंय मी," बाई म्हणाल्या. "आठ वर्षं लिहिलीत. रोज दोन शिव्या असं त्यात कुठे दिसलं नाही. तुम्हाला वेगळी प्रत मिळाली असेल तर दाखवा."

ड्रायव्हरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बाई स्वतः प्रत्येकीला तिला जे काम येतं त्यावरून हाक मारत. कुणी बागवाली, कुणी हिशेबवाली, आणि ज्या बाईला तो 'खुनी' म्हणाला होता ती शिवणवाली. "लाडावून ठेवल्यात नुसत्या," असं तो चहाच्या टपरीवर म्हणायचा. मनात मात्र त्यालाही कबूल करावं लागे की बाई आल्यापासून बायकांच्या विभागातून दवाखान्याच्या फेऱ्या जवळजवळ थांबल्या होत्या. डोकी फुटत नव्हती, कुणी मनगट कापून घेत नव्हतं. हे काय गौडबंगाल आहे ते त्याला उमजत नव्हतं, आणि न उमजणाऱ्या गोष्टीचा त्याला राग येत असे.

शिवणवालीने भांडणात नवऱ्याला ढकललं होतं. तो जिन्यावरून पडला, तो उठलाच नाही. तिने ते कधी नाकारलं नाही. आता सहा वर्षं सरली होती आणि तिच्या भावाकडे तिचा बाप शेवटच्या आजारात पडला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आज माणूस ओळखतात, उद्याचं सांगता येत नाही. एका दुपारची परवानगी मिळाली. तुरुंगाच्या साहेबांनी ती देताना बाईंना सगळ्यांदेखत बजावलं, "तिच्यावरून नजर हलली आणि काही झालं, तर तुम्ही कायमच्या घरी बसाल." बाईंनी मान डोलावून सही केली. त्यांच्या नोकरीवर घर चालत होतं, हे साऱ्या तुरुंगाला ठाऊक होतं.

गाडी वस्तीजवळ आली तशी बाईंनी शिवणवालीच्या बेड्या काढल्या आणि आपल्या पर्समध्ये चष्म्याच्या डबीशेजारी ठेवून दिल्या. ड्रायव्हरने आरशात पाहिलं.

"बाई, नियम काय सांगतो?"

"बापाच्या अंगावरून हात फिरवायचा तर हात मोकळे नकोत का?" बाई म्हणाल्या. "गाडी जपून घ्या, पुढे खड्डा आहे."

गल्लीच्या तोंडाशीच भाऊ उभा होता. त्याने हात आडवा केला. "गाडी आत आणू नका. आम्ही इथे नवीन आहोत, हिच्याबद्दल कुणाला काही ठाऊक नाही. तसंच राहू दे." बहिणीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

गाडी तिथेच ठेवून चौघं चालत घरी गेले. बाहेरची खोली, उजवीकडे स्वयंपाकघर, समोर आतल्या खोलीचं बंद दार. "बाबा तिथे आहेत," भाऊ बाईंना म्हणाला. "तिला म्हणावं, बघून घे आणि निघ. माझी मुलं यायच्या आत." मग तो स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभा राहिला, जणू ती भांडीकुंडी उचलून नेणार होती.

शिवणवाली आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि थांबली. हात बाजूला सोडलेले, मान खाली. दाराला हातही न लावता नुसती उभी. वाट पाहून भाऊ म्हणाला, "आता का अडली? तोंड दाखवायची लाज वाटते ना?" ड्रायव्हरलाही तेच वाटलं. उगाच वेळ जातोय म्हणून तो दार उघडायला उठला, तर बाईंनी त्याची बाही धरली.

"लाजत नाहीये ती," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "सहा वर्षांत तिने एकही दार स्वतः उघडलेलं नाही. दार आलं की थांबायचं, किल्लीवाली येईल, ती उघडेल. हे तिच्या अंगात मुरलंय. आपणच मुरवलंय."

"मग उघडतो की मी."

"तुम्ही उघडलंत तर आत कैदी जाईल. बापाला मुलगी हवीय."

आणि मग बाईंनी जे केलं ते ड्रायव्हरने उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. त्यांनी खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि शिवणवालीकडे चक्क पाठ करून बसल्या. "दाराला कुलूप नाही," त्या भिंतीला सांगावं तशा म्हणाल्या. "कडी तुमच्या हाताशी आहे. आम्ही कुणी बघत नाही."

साहेबांचे शब्द ड्रायव्हरला आठवत होते आणि बाईंना ते त्याच्याहून जास्त आठवत असणार. तरी त्या भिंतीवरचं कॅलेंडर असं निवांत वाचत बसल्या होत्या, की का कोण जाणे, ड्रायव्हरनेही तोंड फिरवलं. भावाने हाताची घडी सोडली आणि खिडकीबाहेर पाहिलं. मग कडी वाजली.

"आलीस होय?" आतून बारीक, ओढलेला आवाज आला. "दार लावून घे. माशा येतात."

दार आतून लागलं.

ड्रायव्हरला आता बसवेना. "बाई, त्या खोलीला मागे खिडकी असेल."

"असेल की. आजारी माणसाला हवा नको?"

"मी जरा गाडी बघून येतो," असं म्हणून तो उठला आणि घराला वळसा घालून थेट मागे गेला. खिडकी होती. बुटकी, बिनगजांची, सताड उघडी. शेंबडं पोरही सहज उडी मारून गेलं असतं, आणि पलीकडे मोकळा रस्ता. त्याने आत डोकावलं. शिवणवाली पलंगाच्या कडेला बसली होती. म्हाताऱ्याचं पाऊल तिच्या मांडीवर होतं आणि ती त्याची वाढलेली नखं कापत होती. म्हातारा कुरकुरत होता, "हळू गं. लहानपणापासून तुला घाई फार." ती हसत होती आणि मध्येच बाहीने डोळे पुसत होती.

तिने वर पाहिलं. दोघांची नजरानजर झाली. ती उठली तशी ड्रायव्हरने खिडकीची चौकट धरली. ती खिडकीपाशी आली आणि हळूच म्हणाली, "दादा, निघायची वेळ झाली का?"

"नाही, नाही," ड्रायव्हर म्हणाला. "बसा तुम्ही. वेळ आहे भरपूर." तिला 'तुम्ही' कसं म्हणून गेलो ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

तो परत येऊन बसला. "गाडी जागेवर आहे ना?" बाईंनी मान न वळवता विचारलं. तो "आहे" म्हणाला. तो कुठे गेला होता हे त्यांना ठाऊक होतं, आणि ड्रायव्हरला स्वतःची मनापासून लाज वाटली. आपल्याला खिडकीशी जाऊन पाहिल्याशिवाय धीर धरवला नाही, आणि ही बाई आपली भाकरी पणाला लावून भिंतीकडे तोंड करून बसली आहे. एवढ्याशा चणीत एवढी छाती देव कुठे बसवतो, असं त्याला वाटलं.

कितीतरी वेळाने दार आतून उघडलं. शिवणवाली स्वयंपाकघरापाशी आली. भाऊ अजून तिथेच दारात उभा होता.

"बाबा चहा मागतायत," ती म्हणाली.

भावाने प्रथमच तिच्याकडे पाहिलं. आठवडाभर म्हाताऱ्याने आपणहून काही मागितलं नव्हतं. तो जरासा घुटमळला आणि बाजूला झाला. "साखर निळ्या झाकणाच्या डब्यात आहे," तो म्हणाला. "सगळ्यांनाच टाक."

निघताना भाऊ गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. उंबऱ्यावर बसलेल्या शेजारणीने हटकलंच, "पाहुणे आले होते वाटतं?"

ड्रायव्हरने पाय उचलला, म्हणजे उत्तर द्यायची वेळ कुणावर येऊ नये. भाऊ मात्र थांबला. "पाहुणे नाहीत, काकू. माझी ताई. बाबांना भेटायला आली होती."

"हो का? कुठे असते?"

भावाने बाईंकडे पाहिलं. मग शिवणवालीच सरळ शेजारणीच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "तुरुंगात असते मी, काकू. अजून दोन वर्षं आहेत."

शेजारणीचा हात तोंडावर गेला. शेजारच्या घराची खिडकी उघडली.

"आणि मग इथे घरी येणार आहे," भाऊ म्हणाला.