क्रेनचा पट्टा

समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जुनी क्रेन उतरवायचं काम निघालं, तेव्हा फिटरनं स्वतःहून नाव दिलं. सुपरवायझरला नवल वाटलं. असल्या कामाला कुणी हौसेनं जात नाही. चालू प्लॅटफॉर्म म्हणजे पायाखालच्या पाइपांतून गॅस वाहतोय, तिथं ज्योत पेटवायला बंदी. जमिनीवर गॅसकटरनं तासाभरात तुटेल ते इथं करवतीनं, पाणी मारत, एकेक नट सोडवत आठवडाभर चालतं. पण ती क्रेन दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ द्यायची नव्हती फिटरला.

चार वर्षांपूर्वी त्या क्रेनचा लांब हात एकाएकी कोसळला. खाली उभा असलेला रिगर, क्रेनच्या हुकाला माल बांधणारा पोरगा, जागच्या जागी गेला. केबिनचा चुराडा झाला. चालक वाचला, म्हणजे नुसता श्वास घेत राहिला. तो फिटरच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मग चौकशी समिती आली. तीन दिवस थंडगार खोलीत बसली, जेवली, ढेकर दिले, आणि ‘चालकाने ब्रेक वेळेवर लावला नाही’ असं लिहून हेलिकॉप्टरनं निघून गेली. ब्रेक उघडून बघायची तसदी एकाही शहाण्यानं घेतली नाही. क्रेनला कुलूप घातलं, वर सील ठोकलं. खापर फोडायला एक मोडका माणूस सापडला की बाकीच्यांना शांत झोप लागते.

भावोजी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. भिंतीकडे तोंड करून एकच सांगायचे, “ब्रेक मी लावला होता. पट्ट्यानं धरलं नाही.” फिटर मान डोलवायचा. तेच सांगत सांगत ते गेले.

रिगरची आई त्याच गल्लीत राहायची. दुकानात ताई दिसली की म्हातारी घेतलेलं सामान तसंच टाकून, रिकामी पिशवी उचलून निघून जायची. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर ताईनं आनंदानं ऐकून घेतल्या असत्या. पण ताईही हट्टी. म्हातारी समोर आली की मान खाली घालायची नाही, तिच्या डोळ्याला डोळा द्यायचा. माझा नवरा खोटं बोलत नव्हता, हे सांगायची तिची तेवढीच जागा.

फेरचौकशीसाठी अर्ज करून करून ताईच्या चपला झिजल्या. शेवटी एका कारकुनाला दया आली. “बाई, कागदाला कागद जोडून काही होत नसतं,” तो म्हणाला. “वस्तू आणा.”

वस्तू म्हणजे ब्रेकचा पट्टा. आणि तो आणणारा फिटर. घरात त्याला बारक्या म्हणत. पंचेचाळिशी उलटली, केस गेले, पोट सुटलं, तरी बारक्याच. लहानपणापासून छत्र्या, चाव्या, डबे हरवण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. निघताना ताईनं बजावलं, जन्मात एकदा तरी काही न हरवता घेऊन ये.

सहाव्या दिवशी त्यानं ब्रेकचं झाकण उघडलं. पोलादी पट्टा, आतून पकडीसाठी अस्तर. अस्तर इतकं झिजलेलं की रिव्हेटांची डोकी वर आली होती. आणि अस्तराच्या मागं पत्र्याचे तुकडे. रंगाचा निळा डबा कापून कुणीतरी भरले होते, तपासणीच्या दिवशी पट्टा घट्ट दिसावा म्हणून. पत्र्यावर डब्याची अर्धवट अक्षरंसुद्धा वाचता येत होती. फिटर गुडघ्यांवर बसून राहिला. भावोजी खरं बोलत होते. आणि आपण मान डोलवायचो तेव्हा मनाच्या कोपऱ्यात थोडी शंका ठेवूनच डोलवायचो, हेही त्याला तिथंच कळलं.

आता हे न्यायचं कसं? ठिणगीच्या भीतीनं मोबाइल प्लॅटफॉर्मवर चढतानाच काढून घेतात, म्हणजे फोटो नाही. हेलिकॉप्टरमध्ये बसण्याआधी खिसे उलटे करून बघतात. त्यातून एखादा पत्रा लपवून नेलाच, तरी तो कुठला हे कोण मानणार? नंबर कोरलेल्या पट्ट्यालाच ठोकलेला हवा. सुपरवायझरला सांगायची तर सोयच नव्हती. त्या वर्षीच्या देखभालीच्या कागदावर सही त्याचीच होती. पट्टा पुढच्या मिनिटाला समुद्राच्या तळाशी गेला असता.

उतरवलेल्या सामानाला दोन वाटा असतात. हिरवा टॅग म्हणजे साधं भंगार, किनाऱ्याला लागलं की आठवड्याच्या आत भट्टीत. लाल टॅग म्हणजे धोकादायक. तो माल किनाऱ्यावरच्या यार्डातल्या शेडमध्ये कागदाची वाट बघत वर्षवर्ष पडून राहतो. पट्ट्याच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस होतंच. फिटरनं लाल टॅग बांधला. वीस वर्षं ज्या ढिलाईला त्यानं शिव्या घातल्या, तिच्याच भरवशावर त्यानं भावोजींची अब्रू सोडली.

टॅगसोबत एक फॉर्म भरावा लागतो. त्यात रकाना होता, ‘काढताना अवस्था’. खरं लिहावं तर सुपरवायझर उघडून दाखव म्हणणार. फिटरनं लिहिलं, ‘सुस्थितीत. फक्त जुना.’ खाली सही, तारीख. सुपरवायझरनं पट्ट्याकडे न बघता आपली सही ठोकली आणि म्हणाला, एवढा सुस्थितीत आहे तर घरी ने, कमरेला बांध. सगळे हसले. फिटरही हसला, जरा जास्तच.

अठ्ठावीस दिवसांची पाळी संपवून तो किनाऱ्यावर आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ताईला घेऊन यार्डात गेला. स्टोअरकीपर जुना ओळखीचा. हातापाया पडलं तर दोन दिवस पट्टा देईल, असा फिटरचा अंदाज. ताईनं पट्टा गुंडाळायला भावोजींच्या अंथरुणावरची चादर आणली होती, धुऊन, घडी घालून. ग्रीस लागेल, असं फिटर म्हणाला. ती म्हणाली, लागू दे.

स्टोअरकीपरनं रजिस्टरवरून बोट फिरवलं आणि दोघांना मागं नेलं. शेड रिकामी. फरशी धुतलेली. भिंतीलगत ड्रमांची रांग, प्रत्येकाच्या तोंडाशी सिमेंट घट्ट बसलेलं.

“नवा नियम आलाय,” तो कौतुकानं सांगू लागला. “महिना झाला. लाल माल उतरला की त्याच दिवशी तुकडे करायचे, नंबर घासायचे, ड्रममध्ये भरून सिमेंट ओतायचं. तुमचा पट्टा त्या तिसऱ्यात. गुरुवारी खड्ड्यात जाईल.”

फिटरनं विचारलं, फोडता येईल का. परवाना लागतो, तो आजवर कुणाला मिळालेला नाही, आणि फोडून तरी बोटभर तुकड्यांचं काय करणार, असं उत्तर आलं. आत निळा पत्रा होता, फिटर म्हणाला. असेल, स्टोअरकीपर म्हणाला, आम्ही कचरा वाचत बसत नाही.

मग ताईचा चेहरा बघून त्याला काय वाटलं कोण जाणे. त्यानं फाइलमधून एक कागद काढून तिच्या हातात दिला. “त्या पट्ट्याचं आता एवढंच उरलंय. एक प्रत वर पाठवलीय, अपघाताच्या फाइलला जोडायला.”

ताई ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत गेली. ‘सुस्थितीत’पाशी बोट थांबलं.

“हे अक्षर तुझं ना रे, बारक्या?”

त्यानं सगळं सांगितलं. टॅग, भट्टी, सुपरवायझर, रकाना. ताई चिडली नाही. सगळं ऐकून कागदाची घडी घातली.

“या वेळी हरवलं नाहीस,” ती म्हणाली. “लिहून दिलंस.”

बसमध्ये दोघं शेजारी बसले होते. धुतलेली चादर ताईच्या मांडीवर तशीच. गल्लीच्या तोंडाशी रिगरची आई समोरून आली. रोजच्यासारखी थबकली, पिशवी छातीशी धरून वळायला लागली.

या वेळी ताईनं मान खाली घातली आणि तिला वाट दिली.