आजोबांचं पिंप

त्या पिंपाचा आंबट वास तळघराच्या पायरीवरच नाकात शिरायचा. पण थोरलीच्या घरात नाकं फक्त वर करून चालायला होती, वास घ्यायला नव्हती.

पिंप आजोबांचं. ते धुवायचं नाही, पूर्ण रिकामं करायचं नाही; तळाशी जुनी वाइन राखायची आणि दरवर्षी तिच्यावर नवी ओतायची, ही घराण्याची रीत. मध्ये एका वर्षी द्राक्षं कमी आली, पिंप अर्धंच भरलं, आत हवा खेळली आणि वाइनचा व्हिनेगर झाला. तेव्हापासून दुधाला विरजण लावावं तसं हे कुटुंब चांगल्या वाइनची वाट लावत होतं आणि वर त्याला परंपरा म्हणत होतं. धाकटा भाऊ तर पिंपावर हात ठेवून पाहुण्यांशी असा बोलायचा, जणू आजोबा आतच बसलेत.

यंदा थोरलीने स्वतः लावलेल्या बागेची पहिली वाइन तयार झाली होती. खडकाळ उतार फोडून, वेली पोटच्या पोरांसारख्या जपून काढलेली. आणि बाबांनी फर्मान सोडलं, ती पिंपात ओत.

"आधी पिंपातली चाखून तर बघा," असं म्हणून तिने तिघांच्या हाती पेले दिले.

आत्याने घोट घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगदी आमच्या वडिलांच्या हातची चव!"

धाकट्याने खोकला कसाबसा दाबला. "काय खोली आहे!"

खोली कसली, विहीर होती, आणि हे उड्या मारायला रांगेत उभे.

बाबांनी पेला ओठांना लावला, मग तोंड पुसायच्या निमित्ताने घोट रुमालात थुंकला. थोरलीने ते पाहिलं. म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं! तिला त्यांची कीव नाही, चीड आली.

"ह्यात माझा एक थेंबही पडणार नाही, बाबा."

"शिंगं फुटलीत हिला," आत्या म्हणाली.

आपल्या वाइनचा पेला भरून थोरलीने बाबांपुढे धरला. त्यांनी वास घेतला, चाखली, या वेळी गिळली. पुन्हा घेतली. पेला रिकामा झाला तेव्हा कुठे त्यांना भान आलं, की बहीण आणि मुलगा टक लावून बघताहेत.

"आपल्या घरची वाटत नाही," ते तुटकपणे म्हणाले. "पिंपात नको ओतूस."

थोरलीला हसूच फुटलं. एवढी मोठी शाबासकी बाबांनी तिला जन्मात दिली नव्हती.