शेवटच्या डब्यातलं हसू

मी एक जुना जर्मन रहस्यपट आहे. मित्रांनो, माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मीही कुणावर ठेवत नाही. माझी गोष्टच तशी आहे. बर्फात अडकलेली खानावळ, सहा पाहुणे आणि त्यांतला एक खुनी. तो कोण, हे दिग्दर्शक क्रुम्बाख यांनी नटांनाही सांगितलं नव्हतं. "सगळ्यांनीच चोरासारखं वागा," एवढंच ते म्हणत. युद्धाचं शेवटचं वर्ष होतं. बर्लिनमध्ये माणसं एरवीही तशीच वागत.

बिनधास्त होता तो एकटा आल्विन, आमचा दिवेवाला. त्याची बायको रोझविता माझं संकलन करी. एकदा ऐन चित्रणात दिवे मिणमिणले. आल्विन माळ्यावरून ओरडला, "नेत्यांनाच बोलवा की! देशभर उजेड पाडलाय, इथंही पाडतील!"

सगळे खो खो हसले. त्याच आठवड्यात साध्या कपड्यांतले गुप्त पोलीस येऊन त्याला घेऊन गेले. तो परत आला नाही. पुढे स्टुडिओ बंद पडला आणि मी अर्धवटच तळघरात गेलो.

युद्ध संपल्यावर क्रुम्बाखनी मला बाहेर काढलं, तीच मंडळी पुन्हा गोळा केली. माझी नायिका लेओनी दारातून आत शिरते ती आधीच्या चित्रणातली, गुबगुबीत आणि दारापलीकडे दिसते ती युद्धानंतरची, हाडांचा सापळा. "बटाट्याच्या सालींवर एवढंच अंग धरतं हो," ती म्हणायची.

रोझविता मात्र माझ्यासाठी आली नव्हती. आल्विनची चुगली कुणी केली, तेवढंच तिला हवं होतं. कुणी प्रेमानं पावाचा तुकडा पुढे केला, तरी तिला वाटे, हाच तो. मलाही वाटे.

माझा आवाज चित्रापासून वेगळ्या, फिल्मच्या दुसऱ्या पट्टीवर असतो. त्या दिवसाची पट्टी तिनं शोधून काढली. "जो हसला नाही, तोच!" ती पुटपुटली आणि पुन्हा पुन्हा ऐकत बसली. लेओनीचं किंचाळतं हसू, क्रुम्बाखचं खोकल्यासारखं. एकेक ओळखू आलं. सगळेच हसले होते. चुगली करणाराही.

क्रुम्बाख दारात उभे होते. ती म्हणाली, "तुम्हीही हसला होतात."

"हसलो होतो. तेव्हापासून मी प्रत्येकाकडे संशयानं बघतो. तुमच्याकडेसुद्धा, बाई."

रोझविता पट्टी गुंडाळू लागली. क्रुम्बाख म्हणाले, "द्या ती पट्टी टाकून. फिल्ममधली चांदी काढायला तरी जाईल. आहे काय त्यात?"

"आल्विन आहे," ती म्हणाली.

मी पूर्ण झालो, थंडगार थिएटरांत लागलो. लोकांनी खुनी ओळखून टाळ्या पिटल्या. ती पट्टी रोझवितानं माझ्या रिळांच्या शेवटच्या डब्यात, तळाशी ठेवली.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालोय, माझी फिल्म चिकट होत चाललीय. जुने डबे साफ करताना बिनकामाचा तुकडा दिसला, तर फेकू नका. आधी ऐका. माझ्या तळाशी आल्विन अजून ओरडतो आणि सगळे हसतात. माझा खुनी तुम्हाला शेवटी कळतो. त्या हसणाऱ्यांतला तो कोण, ते मला आजही माहीत नाही.