शिट्टी आणणारी केबल

म्हाताऱ्याला अख्खी गल्ली केबलसम्राट म्हणायची आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. त्याच्या स्पीकरच्या केबली मनगटाएवढ्या जाड. त्या जमिनीला टेकू नयेत म्हणून खाली छोट्या लाकडी घोड्या. शेजारचं मांजर एकदा त्यांना अजगर समजलं, ते म्हणे आठवडाभर कपाटावरून उतरलंच नाही. केबल उलटी लावली की गवई भिंतीकडे तोंड करून गातो, हे म्हातारा छातीठोकपणे सांगे. आणि नवी केबल रुळावी लागते, नव्या सुनेसारखी, हेही.

"मी रुळले का हो बाबा?" सून विचारी.

"तू आल्या दिवसापासून फुल व्हॉल्यूमवर आहेस."

मुलगा साउंडवाला. कार्यक्रमांना माईक-स्पीकर लावायचा. त्याच्या केबली चिखलात लोळत, लोकांच्या पायांखाली जात. घरी आल्या की तो त्या पुसून हलक्या हाताने गुंडाळी. "बाबा, तांबं ते तांबं. आमच्या केबलीवरून टेम्पो जातो, तरी आवाज येतो."

"आवाज येतो रे. गाणं येत नाही."

हे भांडण मुलाला मिसरूड फुटल्यापासूनचं. आई होती तोवर ती दोघांनाही गप्प बसवी. ती गेली, आणि तिची एक कॅसेट तेवढी राहिली. नवा टेप तपासताना म्हाताऱ्याने गुपचूप भरलेली: "अहो, सुरू झालं का हे? सगळं साठवतं? मग सांगते सगळ्यांना, सकाळपासून साहेबांना संसार सुचलेला नाही!" आईच्या पुढच्या दातांत फट होती. प्रत्येक 'स'ला बारीक शिट्टी वाजायची. म्हातारा रोज ती शिट्टी ऐकून मगच चहा प्यायचा.

एके दिवशी त्याने मुलाला बोलावून घेतलं. "शिट्टी गेली रे. केबल मेली बहुतेक. नवी आणली, तीही तसलीच."

मुलाने कॅसेट लावली. शिट्टी लख्ख वाजली. त्याने बापाकडे पाहिलं. म्हातारा हिरमुसून स्पीकरच्या जाळीला कान लावून बसला होता. मुलाला सगळं कळलं. म्हातारपणी कान आधी बारीक आवाज सोडतात. पण केबल बदलता येते, कान कुठून आणायचे?

"कनेक्टर गंजलाय," तो म्हणाला. "मी बनवून आणतो."

कामावरच्या साध्या केबलीला त्याने काळी जाळी चढवली, टोकांना सोनेरी पिना जोडल्या. आणि कपाटामागे एक इक्वलायझर दडवला, बारीक सूर तेवढे चढवणारा. त्याचा शेवटचा खटका थोडा वर सरकवला आणि कॅसेट लावली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आली! बघ, केबलीत फरक असतो की नाही?"

"असतो बाबा."

"मोठ्याने म्हण. सूनबाईला ऐकू दे."

"असतो, बाबा! हरलो मी!"

सून दारात उभी होती. ती हसली नाही.

पुढे दर थोड्या महिन्यांनी केबल 'मरू' लागली. मुलगा नवी जाळी, नव्या पिना घेऊन येई आणि खटका आणखी वर नेई. बापाला आई परत मिळे. मुलाच्या कानांत मात्र तिचा आवाज पत्र्यावर खिळा ओढावा तसा होत चालला. सून तेवढ्यापुरती गच्चीवर जाई. मुलाला आता आईचा खरा आवाज आठवायचा म्हटलं तरी तोच खिळा ऐकू यायचा.

शेवटी खटका वरच्या टोकाला जाऊन अडकला. त्या दिवशी म्हाताऱ्याने नव्या केबलीकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची फिरवून तो मुलासमोर बसला.

"लाव."

टेप फिरली. पहिला 'स' कानात घुसला आणि मुलाचे डोळे आपोआप मिटले.

"ही एक," म्हातारा हळूच म्हणाला.

मुलाने डोळे उघडले. बाप त्याच्याच तोंडाकडे बघत होता, एकटक. पुन्हा 'स' आला, मुलाच्या गालाची शीर उडाली.

"ही दुसरी. बरोबर?"

"बाबा, तुम्हाला..."

"गप. संसार यायचाय अजून." आणि थोड्या वेळाने, "तू नसलास ना, की काही कळत नाही रे मला. असा येऊन बसत जा."

टेप संपली. मुलाने ती मागे नेली, दिव्याच्या उजेडात नीट सरकून बसला आणि पुन्हा लावली.